वीसपैकी शून्य

१

प्रश्नपत्रिकेतली आगगाडी ताशी तीस किलोमीटरनं धावत होती. नऊ मुलींनी ती साठनं पळवली.

एकीनं पळवली असती तर तपासणाऱ्या मास्तरांनी लाल रेघ ओढून पान उलटलं असतं. दोघींनी पळवली असती तर म्हणाले असते, बसल्या असतील शेजारी. पण नऊ? आणि याच नऊ जणींनी पुढच्या गणितात सहा मजुरांची भिंत तिघांकडून बांधून घेतली होती. पेपरात नसलेले आकडे नऊ डोक्यांत एकदम उगवत नाहीत. म्हणजे खऱ्या पेपराआधी दुसरा एक पेपर फिरला होता, आणि तो उतरवून घेणारा आकड्यांत चुकला होता.

चोरी पकडली गेली ती अशी. बरोबर उत्तरांमुळे नव्हे, चुकांमुळे.

साल चौऱ्याहत्तर. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचा अंकगणिताचा पेपर नागपूरच्या महाल भागातल्या ताराचंदजींच्या छापखान्यात छापला होता. नऊही मुली सक्करदऱ्याच्या एकाच शिकवणीतल्या. प्रत्येकीकडे स्वतःच्या हातानं उतरवलेला कागद. 'कुणी दिला?' म्हटलं की ही तिच्याकडे बोट दाखवायची, ती हिच्याकडे, आणि बोट गोल फिरून पहिलीवरच यायचं. पहिला कागद काही सापडला नाही.

शिकवणीत मुली होत्या दहा. दहावी पुष्पलता पौनीकर, छापखान्याच्या कंपोझिटरचीच लेक. तिच्या उत्तरपत्रिकेत आगगाडी तीसनं धावली होती आणि मजूर सहाच होते.

"म्हणून ते घर साफ हाय," फौजदार रुपराव इंगोले म्हणाले. "पेपर घरून फुटला असता तर पोरीनं पण साठच लिहिलं असतं ना? चोर सापडला हाय, बाई. रंभाबाई. छापखान्यात खिळे, म्हंजे छपाईची शिशाची अक्षरं, वेचते. तिची भाची त्या नऊ जणींत हाय."

"मग मला कशाला बोलावलं?" सुमतीनं विचारलं.

रुपरावांनी टोपी काढून घाम पुसला. "ती बाई कोर्टात ओरडली. म्हणे, बाबाराव कंपोझिटरले विचारा, त्यानं सगळं पाह्यलं हाय. आता बाबाराव पेपर लावता लावताच लकव्यानं पडला. बोट हलत नाही, जीभ हलत नाही. डॉक्टरनं लिहून देल्लं, आकलन शून्य. तरी कोर्टातले साहेब म्हणतेत, एकदा बुद्धी तपासणाऱ्या माणसाकडून पाहून घ्या. सोमवारी तारीख हाय. आज शुक्रवार."

सुमती देवतळे मुलींच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. मंद म्हणून शाळेनं काढलेल्या पोरांच्या चाचण्या घेत तिची अर्धी संध्याकाळ जाई. त्यातून तिला एक खोड लागली होती: ती उत्तरांपेक्षा चुका आधी वाचायची.

२

सक्करदरा तलावाच्या मागच्या अंगाला पौनीकरांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत, खाटेवर तीन उशांना टेकवून बसवलेले बाबाराव. पन्नाशीचा माणूस. चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट. डोळे तेवढे उघडे.

पायथ्याशी बायको, वच्छलाबाई. उशाशी एक बुटका गृहस्थ पेपर वाचून दाखवत होता. तो चंपतराव, छापखान्याचा प्रूफरीडर. वीस वर्षं दोघांनी एका टेबलावर काम केलं. बाबाराव पडल्यापासून चंपतराव रोज येतो.

"काही उपेग नाही, बाई," वच्छलाबाई सुरुवातीलाच म्हणाल्या. "यायले काही समजत नाही. लेक समोर आली तरी वळख नाही."

"समजते वैनी, सगळं समजते," चंपतराव म्हणाला. "काल क्रिकेटचा स्कोर वाचला तर डोळे लखलख करून राह्यले होते."

"तुमच्याच डोळ्याले दिसते ते भाऊजी. डॉक्टरले नाही दिसलं."

सुमतीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. घरची बाई म्हणते काही कळत नाही; बाहेरचा माणूस म्हणतो सगळं कळतं. उलट असायला हवं होतं.

"डॉक्टरांनी कसं तपासलं?"

"दोन चित्रं धरली," चंपतरावानं हात पसरून दाखवले. "एक या हाताले गाय, एक त्या हाताले घागर. म्हणे गायीकडे पाहा. हा आपला सरळ समोर. मग म्हणे घागरीकडे पाहा. हा समोरच. दहा वेळा केलं. गेले."

सुमतीनं पिशवीतून लाल दोरा गुंडाळलेली पेन्सिल काढली. बाबारावांच्या नाकासमोर धरून सावकाश डावीकडे नेली. डोळे समोरच. उजवीकडे नेली. समोरच. रुपराव दारातून खाकरले, म्हणजे 'झालं ना समाधान?'

मग तिनं पेन्सिल वर नेली.

डोळे वर गेले.

खाली आणली. डोळे खाली आले, सावकाश, पण पेन्सिलीला सोडून नाही.

सुमतीच्या मनात एवढंच आलं, की डॉक्टरांनी चित्रं एकाखाली एक धरली असती तर... या माणसाची नजर बाजूला वळतच नव्हती. ती फक्त वरखाली चालत होती, विहिरीच्या पोहऱ्यासारखी.

आणि मग तिला ती भिंत दिसली. खाटेच्या डाव्या बाजूला भिंतीवर फोटोएवढा चौकोन बाकीच्या चुन्यापेक्षा उजळ होता. गजाननाचा फोटो तिथून काढून समोरच्या भिंतीवर लावलेला. त्याच्या बरोब्बर खाली घड्याळ. घड्याळाच्या खाली स्टुलावर पाण्याचा गडू. वर देव, मध्ये वेळ, खाली पाणी. सगळं एका उभ्या रेषेत.

"हा फोटो इथं कधी आला?"

"झाले की तीन हप्ते," चंपतराव म्हणाला. "खिळा मीच ठोकला. वैनीनं सांगतलं कुठं ठोकाचा ते."

वच्छलाबाई पदरानं गडूवरची धूळ पुसू लागल्या. गडूवर धूळ नव्हती.

तीन आठवडे. डॉक्टर येऊन गेले त्याला दोन.

म्हणजे डॉक्टर गाय डावीकडे आणि घागर उजवीकडे धरत होते, तेव्हा या घरात कुणालातरी पक्कं ठाऊक होतं की हा माणूस बाजूला पाहू शकत नाही. आणि ते माणूस गप्प राहिलं.

३

तपासणीचा कागद. विषय: बाबाराव पौनीकर, वय ५२. दोन पाट्या, मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक. विषयानं उत्तराच्या पाटीवर नजर स्थिर करायची.

पहिले दहा प्रश्न. वर 'हो', खाली 'नाही'. खोलीत पत्नी, मित्र व फौजदार हजर.

तुमचं नाव बाबाराव? — नाही.
तुमचं नाव ताराचंद? — हो.
आता उन्हाळा आहे? — नाही.
माणसाला तीन हात असतात? — हो.
तुम्हाला मुलगी आहे? — नाही.

असेच पुढे. दहाच्या दहा चूक.

"पाहा!" रुपराव म्हणाले. "स्वतःचं नाव पण ठाऊक नाही. लिहा, डोकं गेलं."

सुमतीनं लिहिलं नाही. कदाचित यांचं वर म्हणजे नाही आणि खाली म्हणजे हो असेल. तिनं पाट्या बदलल्या. 'नाही' वर, 'हो' खाली. मग सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. वच्छलाबाई उंबऱ्यात थबकल्या. चंपतरावानं जाता जाता मित्राच्या खांद्यावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ. दार लागलं.

दुसरे दहा प्रश्न. वर 'नाही', खाली 'हो'. खोलीत कुणी नाही.

नागपूर समुद्राकाठी आहे? — हो.
दोन आणि दोन चार? — नाही.
रामटेक टेकडीवर आहे? — नाही.
कंपोझिटर खिळे जुळवतो? — नाही.

पुन्हा दहाच्या दहा चूक.

एकूण गुण: वीसपैकी शून्य.

शेरा: (कोरा.)

४

शेरा कोरा का, ते सुमतीला रिक्षात बसल्यावर नीट उमगलं.

ज्याला काही कळत नाही त्याचे डोळे वाटेल तिकडे जातील. वीस वेळा नाणं उडवलं तर निम्म्याच्या आसपास छापा पडणारच. काहीच न कळणाऱ्याला दहाएक गुण मिळतात. एकही न मिळणं दहा लाखांत एखाद्या वेळी घडेल.

वीसही चुकवायला वीसही उत्तरं येत असावी लागतात.

पाट्या बदलल्या तसे डोळेही बदलले. म्हणजे तो पाट्या वाचत होता आणि दर वेळी नेमकी खोटी निवडत होता. हा माणूस वेड पांघरत होता, पण खोटं बोलण्यातही कामगार इमानी: एकही अक्षर इकडचं तिकडे नाही.

आता, कुणाला भिऊन? भिणारा माणूस, भीती दाराबाहेर गेली की खरं बोलतो. बाबारावांसमोर कुणी नव्हतं, तरी ते खोटंच बोलले. मग ते भीत नव्हते.

झाकत होते.

५

शनिवारी सुमती महालात गेली. तिनं काय विचारलं ते सोडून देऊ. उत्तरं तेवढी ऐका.

ताराचंदजी, मालक, गल्ल्यामागून:

"बैठो बाईजी. मैं तो साफ बोलतो, पंचवीस साल का नाम मातीत गेला."

"नाही, प्रूफ बाहेर जाऊच शकत नाही. गुप्त काम असलं की तीनच प्रूफं निघतात. माझ्या कपाटात. चावी माझ्या जानव्याला. तिन्ही आहेत, फौजदारनी गिनती केली."

"आतल्या खोलीत एकटा बाबाराव. चार दिवस तोच, त्याचे खिळे आणि कुलूप. रंभाबाई फक्त छपाई झाल्यावर जाते, खिळे उचलून आपापल्या खणात टाकायला."

"वाचता? येते ना! खिळा हातात घेऊन फडाफडा वाचते. म्हणून तर शक गेला."

"कपाटाची चावी माझ्याकडे म्हणजे चोर मी? बाईजी, मला पेपर फोडायचा असता तर छापलेलाच दिला असता. पेन्सिलनं कशाला उतरवत बसलो असतो, आणि तेही गलत?"

"पडला त्या दिवशी? डेढ वाजता. वैनी ओरडल्या तेव्हा आम्ही धावलो. डबा तसाच भरलेला होता. भरीत होतं, उघडलं पण नव्हतं."

चंपतराव, मोरीपाशी, विडी विझवत:

"बाई, तुम्ही माह्यावर काहून डाऊट घेऊन राहिल्या? कालपासून पाहून राह्यलो."

"हो, फोटो मी लावला. मले वाटलं, देव समोर पायजे म्हणून वैनी सांगून राह्यल्या."

"प्रूफ मीच वाचलं. ताराचंदजीच्या समोर बसून. तीस होते, तीसच ठेवले."

"जेवाच्या सुट्टीत आमी सगळे मागच्या आंगणात. बाबाराव जाग्यावरच जेवे, गुप्त काम असलं की. वैनी डबा आणत. आधी हा माणूस मोरीवर दहा मिनिटं हात घाशे. शिसं पोटात जाते ना आमच्या धंद्यात. दोनदा साबण, मग माती, मग परत साबण. आमी हसो त्याले. म्हणो, बाबाराव, लगनाले चालला का गा?"

"त्या दिवशी मी आंगणात नव्हतो. मोरीवरचा साबण संपला होता, आणाले गेलो होतो. आलो तं हा खाली पडून. माह्या हातातली साबणाची वडी हातातच राह्यली."

त्याचा आवाज बसला. खरा होता की कमावलेला, सुमतीला ठरवता येईना. कपाटाची चावी एकाच्या जानव्याला, खिळा ठोकला दुसऱ्यानं. कुणाकडेही पाहिलं तरी संशय बसायला जागा होतीच.

६

रंभाबाई कोठडीत भिंतीला पाठ लावून बसली होती. चाळिशीची, बोटांची टोकं शिशानं काळी. महिना झाला तरी काळीच.

"तुमाले पाठवलं का त्यायनं?" ती म्हणाली. "बाबारावनं सांगतलं का काही?"

"अजून नाही. तुम्हाला वाचता येतं?"

"येते."

सुमतीनं पर्समधलं छापील पत्रक दिलं. रंभाबाईनं ते पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. मग पत्रक उलटं केलं, कोरी बाजू आपल्याकडे, आणि गजाच्या उजेडासमोर धरलं. कागदातून पलीकडची अक्षरं झिरपून दिसू लागली, आरशातल्यासारखी.

"ग्रा... ग्राहकांना... कळ... कळवण्यात येते," रंभाबाईनं वाचलं.

हवालदार फिदीफिदी हसला. "पाहा वं, कशी वाचते! घुबडावानी!"

"हास रे, हास. तुह्या मायनं शाळेत टाकलं, माह्या मायनं नाही टाकलं. मी खिळ्यातच शिकली. खिळ्यात अक्षर असंच राहते, तोंड फिरवलेलं. कागदावर सुलटं झालं की मले नाही समजत. लिहिता तं बिलकूलच येत नाही, बाई. अंगठा लावते मी."

सुमती पत्रक परत घ्यायलाही विसरली.

खिळ्यात अक्षर तोंड फिरवलेलं असतं.

७

ती तशीच परत छापखान्यात गेली. चंपतराव कुलूप लावत होता.

"एखादा आकड्यांचा फर्मा लावलेला आहे का?"

होता, दूधसंघाच्या दरपत्रकाचा, छपाईसाठी जुळवून ठेवलेला. चंपतरावानं दिवा लावला. दगडी टेबलावर शिशाच्या ओळी चमकत होत्या, सगळ्या उजवीकडून डावीकडे. सुमतीनं पेन्सिल घेतली आणि उतरवू लागली. शब्द जमले, 'दूध' ओळखलं की 'दर' आपोआप येतो, अर्थ बोट धरून नेतो. आकड्यांना मात्र अर्थ बोट देत नाही. जसा दिसला तसा घ्यायचा.

चंपतराव तिच्या खांद्यावरून डोकावला आणि खुदकन हसला.

"बाई, तुमीपण तीनचे सहा केले! नवा माणूस असंच करते. एक, दोन, पाच, त्यायचं तोंड फिरवलं तरी वळखू येते. पण तीन फिरवला का सहा दिसते, आन् सहा फिरवला का तीन."

छत्तिसाचा आकडा. पाठीला पाठ लावून बसलेली दोन भावंडं, आणि शिशात एक दुसऱ्याच्या जागी उभं.

तीसचे साठ. सहाचे तीन.

पेपर प्रूफवरून फुटला नव्हता. तो थेट खिळ्यांवरून उतरवला होता, कागदावरचीच अक्षरं वाचायची सवय असलेल्या माणसानं.

सुमतीनं उतरवलेल्या कागदाच्या पाठीवर नावं लिहिली.

ताराचंदजी. यांच्या कपाटात प्रूफं होती. खिळ्यांशी झटापट कशाला? नाही.
चंपतराव. प्रूफ हातात होतं, आणि तीन फिरवला की सहा दिसतो हे त्याला झोपेतही ठाऊक. नाही.
बाबाराव. शिसं पाण्यासारखं वाचतात. नाही.
रंभाबाई. शिसं वाचते, पण लिहिता येत नाही. नाही.

छापखान्यातली नावं संपली. म्हणजे ते माणूस छापखान्यातलं नव्हतंच. तरी कुलुपाच्या आत जात होतं. रोज. फर्म्याजवळ दहा मिनिटं एकटं राहत होतं, कारण आतला माणूस तेवढा वेळ हात घाशीत असे.

चौथ्या दिवशी साबण संपला. त्या दिवशी बाबाराव दहा मिनिटांऐवजी दोन मिनिटांत परत आले.

डबा उघडलाच नव्हता.

"काय झालं, बाई?" चंपतरावानं विचारलं. "चेहरा काहून उतरला?"

सुमतीनं कागदाची घडी केली. तिचं काम होतं एवढंच सांगायचं, की बाबाराव पौनीकरांची बुद्धी शाबूत आहे की नाही. शाबूत आहे म्हटलं, की सोमवारी कोर्ट त्यांना तो प्रश्न विचारणार, जो चुकवण्यासाठी ते महिनाभर दगड होऊन पडले होते. शाबूत नाही म्हटलं, की रंभाबाई आत.

८

रविवारी सकाळी ती गेली तेव्हा रुपराव आधीच येऊन खुर्चीत बसले होते. वच्छलाबाईंनी चहा ठेवला. पुष्पलता देवळात गेली होती. आईनंच पाठवली असावी.

सुमती खाटेजवळ बसली, बाबारावांच्या नजरेच्या उभ्या रेषेत.

"तुम्हाला परवा शून्य गुण पडले," ती म्हणाली. "मी बारा वर्षं परीक्षा घेते. एवढं अवघड शून्य आजवर कुणी मिळवलं नाही. एखादं जरी बरोबर सोडलं असतंत तर मी फसले असते. पण तुम्हाला अर्धवट काम येत नाही."

रुपरावांचा कप बशीत वाजला. "म्हणजे समजते याले?"

"तुमच्या-माझ्यासारखं. तुम्हाला काही कळतं की नाही, हे मी आता विचारत नाही, बाबाराव. आणि तो कागद कुणी लिहिला हेही मी विचारणार नाही. मला फक्त एकच विचारायचंय. एक बाई महिनाभर कोठडीत आहे. सगळ्यांनी तिला चोर म्हटलं, तेव्हा ती एकच म्हणाली, बाबारावला विचारा. तुम्ही खरं सांगाल यावर या गावात तिचा एकटीचा पूर्ण भरवसा आहे."

तिनं पाट्या धरल्या. वर 'हो'. खाली 'नाही'.

"रंभाबाईनं पेपर चोरला?"

डोळे हलले नाहीत. घड्याळाचा काटा फिरत राहिला. बाबारावांची नजर एकदा वर गेली, 'हो'च्या काठापर्यंत, तिथं थरथरली. आजवरची सवय पाहता तिथंच थांबायला हवी होती.

ती खाली उतरली. अगदी हळू, जड काहीतरी खाली ठेवावं तशी. 'नाही' वर येऊन टेकली.

एकविसावं उत्तर. पहिलं खरं.

"मग कोण?" रुपराव उठलेच. "याले ठाऊक हाय तर! बाई, विचारा, नावं घ्या एकेक! ताराचंद? चंपत?"

"मी म्हटलं ना, विचारणार नाही."

"मग मी विचारतो!"

"कोणाले विचारू नका," वच्छलाबाई म्हणाल्या.

त्यांनी हातातला गडू स्टुलावर ठेवला, घड्याळाच्या बरोब्बर खाली, मग नीट सरकवला.

"मीच लिहिला. डब्याखालच्या कागदावर. तीन दिस लिहिला, चवथ्या दिवशी हे आले. काही बोलले नाही. माह्याकडे पाह्यलं, आन् तिथंच खाली बसले. मले वाटलं रागानं बसले. पोरगी दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली असती तं फारम पण मिळत नव्हता. तिले सांगतलं, बाबानं सरावाले देल्ली गणितं. तिनं मैत्रिणीले देल्ली. तिले काय ठाऊक?"

"आणि तिनं पेपरात स्वतः तीसच धरले," सुमती हळूच म्हणाली. "पाठ केलं नव्हतं. समोर छापलेलं वाचलं."

"यायनंच शिकवलं तिले. अक्षर न् अक्षर वाच म्हणे." वच्छलाबाईंचा चेहरा पहिल्यांदाच मोडला. "माह्या कागदाबिगर पास झाली असती पोरगी. आन् रंभाले धरलं तवा मी तोंड उघडाले पायजे होतं. यायले समजते हे मले पहिल्या हप्त्यातच समजलं होतं. डॉक्टर आला तवा मी समोर पायथ्याशी होती, तरी यायनं माह्याकडे पाह्यलं नाही, तवाच समजली, हे माह्यासाठीच मेल्यावानी पडून राह्यले. मी पडू देल्लं."

रुपरावांनी वही काढली. मग काय वाटलं कोण जाणे, ते खाटेकडे वळले. सुमतीच्या हातातल्या पाट्या अजून तशाच होत्या.

"बाबाराव. फौजदार म्हणून विचारतो. बायको सांगून राहिली ते खरं हाय का?"

या वेळी वेळ लागला नाही. डोळे ताडकन खाली आले. 'नाही'.

"अजी," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता पुरे ना जी."

'नाही'.

"हा तं नाही म्हणून राह्यला," रुपराव पेन्सिल अडवून म्हणाले. "बुद्धी शाबूत म्हणता तुम्ही. मग मी काय लिहू, बाई?"

सुमतीनं आपला कागद मांडीवर घेतला. शेऱ्याच्या कोऱ्या जागेत तिनं लिहिलं: बुद्धी पूर्ण शाबूत. मग प्रश्नांच्या यादीत खाली बाविसावी ओळ घातली, आणि तिच्यापुढे, आधीच्या वीस ओळींपुढे होती तशीच खूण केली. चूक.

तिनं पाट्या खाली घेतल्या. डोळे मात्र 'नाही' जिथं होतं, तिथंच खिळून राहिले.